हुरडा थांबत नाही

ज्वारीचं कणीस निसवतं, फुलोरा झडतो आणि दाण्यात दूध भरतं. ते दूध हळूहळू घट्ट होऊ लागतं. दाणा बाहेरून हिरवा, आतून मऊ, नखाने दाबला तर फुटणारा. गोडवा अजून पुरता पिठात मुरलेला नसतो. या अवस्थेतल्या दाण्याला हुरडा म्हणायचं. आठवडाभर आधी गेलात तर हाताला नुसतं पाणी लागतं, आठवडाभर उशिरा गेलात तर दाणा दाताला लागतो. एका शेतातला हुरडा फार तर आठ-दहा दिवसांचा. सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानांत हे दिवस साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी सरेपर्यंत कुठे ना कुठे चालू असतात. थंडीतल्या मजेबद्दल बोलताना आपण गारवा, धुकं, शेकोटी आणि गप्पा यांची आठवण काढतो. या सगळ्याला धरून ठेवणारी गोष्ट मात्र हीच, की थंडीत जे उत्तम पिकतं ते थांबत नाही आणि ते एकट्याने उरकतही नाही. मुदत आणि माणसं या दोन्हींची सक्ती असते म्हणून हिवाळा सोबतीचा ऋतू झाला. आजची आपली खरेदी नेमक्या याच दोन सक्ती सैल करते आहे. त्यात काय मिळालं आणि काय निसटलं, याचा हिशेब मांडायला हवा.

आधी माणसांचं पाहू. हुरड्यासाठी जमिनीत हातभर खड्डा खणून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात. धूर सरून लाल निखारा झाला की कणसं त्यात खुपसायची. एकाने ताटांवरून कणसं खुडून आणायची, एकाने आगटीशी बसून ती फिरवत राहायची, दोघा-तिघांनी गरम कणीस हातावर चोळून दाणे काढायचे, एखादीने सुपात पाखडून कोंडा उडवायचा. दाणे गरम असतानाच खायचे असतात, निवले की ते चिवट होतात. त्यामुळे सगळं आधी भाजून घेऊ आणि मग निवांत खाऊ, असं इथे चालतच नाही. काम आणि खाणं एकाच वेळी चालतं, चोळणारा थकला की खाणारा उठतो आणि त्याची जागा घेतो. शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, गोडीशेव, बोरं, शेवटी ताक हा सरंजाम घरून आणता येतो. चोळणारे हात मात्र आणावेच लागतात. बियाण्याचं संशोधन करणाऱ्यांनाही या हातांची जाण आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले फुले उत्तरा आणि फुले मधुर, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत हे खास हुरड्याचे वाण आहेत. त्यांच्या गुणांत गोडव्याइतकंच महत्त्व दाणा चोळताच सहज सुटण्याला आहे. जुन्या गूळभेंडी वाणाची ख्यातीही त्याचमुळे होती.

हे फक्त ज्वारीच्या मुलखात आहे असं नाही. रायगडात, विशेषतः अलिबागच्या बाजूला, याच दिवसांत पोपटी लागते. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर गावठी वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, कुठे अंडी, बटाटे, कोंबडी, वर पुन्हा पाला. तेलाचा किंवा पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा आणि आतलं सगळं पाल्याच्या ओलाव्यावर शिजू द्यायचं. खानदेशात जळगावकडची हिरवी, पांढऱ्या झाकेची मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजली जातात, लाकडी भांड्यात ठेचली जातात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर शेतात पंगत बसते. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. काळी माती, खाडीकाठ, तापीचं खोरं, वऱ्हाड असे सगळे मुलूख वेगळे आणि पिकं वेगळी, पण बांधणी एकच. उघड्यावरचा विस्तव, न टिकणारा ताजा माल, आणि एकट्याला न झेपणारं काम. गॅसवर एक वांगं भाजून भरीत करता येतं आणि ते चवीला चांगलंही लागतं, पण ते रात्रीच्या जेवणातली भाजी असते. वीस माणसांचं भरीत ही वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथे वांगी भाजेपर्यंत तासभर कोणालाही कुठे जाता येत नाही.

ही बांधणी थंडीतच का जमली, याचं उत्तर हवेत आणि शेतीच्या कॅलेंडरात मिळून आहे. पावसाळा सरला की वारा फिरतो, उत्तरेकडून कोरडी हवा येते, आकाश निरभ्र होतं. ढगांचं पांघरूण नसल्याने दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता भराभर सोडून देते. दुपारी सदरा काढावासा वाटतो आणि पहाटे घोंगडी पुरत नाही, ते त्यामुळे. निफाडच्या शिवारात पारा इतका उतरतो की द्राक्षाच्या बागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. याच दिवसांत खरिपाची सोयाबीन घरात आलेली असते, कापूस वेचला जात असतो, हातात थोडा पैसा असतो. रब्बीचं पीक उभं असतं. कोरडवाहू ज्वारीला या टप्प्यावर राखणीपलीकडे फारसं काम नसतं. राखण मात्र नेटाने करावी लागते, कारण हिवाळ्याला पाहुणेही येतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियाच्या आणि पूर्व युरोपच्या बाजूने हजारोंच्या थव्यांनी इथे उतरतात आणि कणसांवर बसतात. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार हा थंडीच्या रानातला कायमचा माणूस होता. जिथे माणूस रात्रंदिवस रानात आहे, विस्तव आहे, पुढ्यात पीक आहे आणि रात्र लांब आहे, तिथे शेजारच्या रानातला राखणदार येऊन बसणार हे ओघानेच आलं. मजा ही वेगळी काढलेली सुटी नव्हती. ती कामाच्या पोटातच होती.

आता खरेदी. आठवडी बाजार किंवा शहरातली मंडई या ऋतूची शत्रू कधीच नव्हती, उलट ऋतू घरी येत असे तो तिच्याच दारातून. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून उभी आहे. अशा कुठल्याही मंडईत पौषात गेलं की महिना विचारावा लागत नसे. सोलाणे, पावटा, वालपापडी, तुरीच्या शेंगा, गाजर, हिरवा लसूण, चाकवत, बोरं, उसाचे करवे असं सगळं एकदम येतं आणि एकदमच जातं. भोगीची भाजी हे तर या बाजाराचं ताटात उतरलेलं टिपण आहे. कुठे हिला खेंगट म्हणतात, कुठे लेकुरवाळी. त्या आठवड्यात बाजारात जे जे ताजं आहे ते सगळं एका भांड्यात आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. तिथेही वाण विकत आणायचं ते लुटण्यासाठी. दहा-वीस एकसारख्या वस्तू घ्यायच्या आणि दहा-वीस घरांत पोचवायच्या. ही खरेदी माणसाला घराबाहेर काढते आणि दुसऱ्याच्या दाराशी नेते. खरेदी वाईट आणि आपली जुनी मजा चांगली, अशी वाटणी मी करत नाही, ती खोटी ठरेल. प्रश्न इतकाच आहे की आपण जे विकत घेतो ते आपल्याला माणसांकडे नेतं, की माणसांची गरजच उरू देत नाही.

गेल्या काही वर्षांत पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं आहे. मटार बारा महिने गोठवलेल्या पाकिटात मिळतो, हुरडाही दाणे काढून, हवाबंद पाकिटात, दहा मिनिटांत दाराशी येतो. यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदारही आहे. बारमाही मिळणं ही चैन नाही, सोय आहे, आणि अनेक घरांसाठी तर ती पोषणाची हमी आहे. नोकरी करणाऱ्या बाईने सोलत बसावं की पाकीट उघडावं, हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तो कोणालाच नाही. पूर्वीच्या हंगामी खाण्याला टंचाईचीही एक बाजू होती. चैत्र-वैशाखात पालेभाजी दिसत नसे, आणि सोलण्या-पाखडण्याचं बहुतेक काम बायकांच्या वाट्याला येत असे. मटाराचं पाकीट खुशाल उघडावं. आक्षेप एकाच जागी अपुरा पडतो. पाकिटातला हुरडा परातीत ओतून गरम केला की त्यातून दाणे मिळतात, पण वेळ ठरवण्याचं कारण मिळत नाही. मित्रांना फोन करून ‘या रविवारी या, पुढच्या रविवारी उरणार नाही’ असं म्हणता येण्यासाठी खरोखर न उरणारी गोष्ट हातात असावी लागते. ‘एकदा भेटू’ म्हणत वर्षं लोटतात, कारण त्या ‘एकदा’ला शेवटची तारीख नसते. हुरडा ती तारीख घेऊन येतो. भाजीच्या बाबतीत सोय जिंकली तर नुकसान नाही. भेटीच्या बाबतीत मुदत गेली की भेटही जाते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. हुरडा संपतोय कुठे? पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरच्या आसपास दर हिवाळ्यात कृषी पर्यटन केंद्रांवर हुरडा पार्ट्यांची गर्दी असते. माणशी पैसे भरायचे, सकाळी पोचायचं, हुरडा, पिठलं-भाकरी, बैलगाडी, झोके, संध्याकाळी परत. काही जणांना यात नाटकीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात पीक विकण्यापलीकडचा पैसा येतो, गावातल्या बायकांना भाकरी थापण्याचा मोबदला रोख मिळतो, आणि शहरात वाढलेल्या मुलाला ज्वारीचं ताट त्याच्या उंचीपेक्षा मोठं असतं हे कळतं. ज्यांचं गाव सुटलं त्यांनी पैसे देऊन का होईना रानात जाणं चांगलंच. पण या गर्दीवरून ज्वारीची तब्येत ओळखायला गेलो तर फसगत होईल. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन ज्वारीखाली होती. आज ते क्षेत्र निम्म्याहूनही बरंच खाली आलं आहे. खरिपातली ज्वारी तर अनेक जिल्ह्यांतून जवळजवळ उठली. काढणीच्या वेळी पाऊस लागला की तिचा दाणा काळा पडतो, भाव पडतो, आणि तिची जागा सोयाबीनने घेतली. उरली ती मुख्यतः रब्बीची, शाळू.

या शाळूची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आपल्या हुरड्याचा आठवडा तिच्यावर टेकलेला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्वातंत्र्यापूर्वी स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात अजूनही रब्बी ज्वारीचं दुसरं नाव आहे. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं तेव्हा संकरित ज्वारीचा भाव वेगळा आणि मालदांडीचा वेगळा असतो. एका जातीचं नाव देशाच्या यादीत असं टिकून राहणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं जातं आणि पुढे पाऊस नसतानाही खोल काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढतं. कोरडवाहू शेतकऱ्याला ते दोनदा उपयोगी पडतं, दाणा माणसाला आणि कडबा जनावराला. इतकं असून ज्वारी का हटते? काढणीला ताटं मुळासकट उपटावी लागतात, हाताला फोड येतात, मजूर मिळत नाहीत. यंत्राने कापली तर कडबा नीट हाती लागत नाही. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस येतो. रेशनवर वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळ मिळाले, त्यामुळे ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होती तिथेही एक वेळ पोळी आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारीच्या बिस्किटांपासून इडलीच्या पिठापर्यंत बरंच काही दुकानांत आलं. भाव त्याने किती सावरला हे पिकाखालची जमीन सांगेल. तोवर एवढं नक्की आहे की हुरड्याला कणसं लागतात मोजकी. त्या आठवड्यानंतर रानात उरलेली ज्वारी पक्की होऊन खळ्यावर येते आणि ती कोणीतरी विकत घ्यावी लागते. पार्टीला जाऊन आलेल्यांनी वर्षभर फक्त गव्हाचं पीठ आणलं, तर हुरड्याचं शेत पर्यटनापुरतं दोन गुंठे राहील आणि बाकीच्या रानात ऊस उभा असेल.

थंडीतल्या खरेदीचं आणखी एक चित्र शहरांत दिसतं आणि ते मुदतीचंच आहे. दर हिवाळ्यात तिबेटी कुटुंबं रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या मैदानात स्वेटरची दुकानं मांडतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या निर्वासितांच्या पिढ्या या धंद्यावर जगल्या. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे. माल बराचसा लुधियानाचा. वर्षाची कमाई या तीन-चार महिन्यांत करायची आणि त्यांच्या नववर्षाला, लोसारला, घरी पोचायचं. थंडी उशिरा पडली किंवा पंधरा दिवसांतच ओसरली तर नुकसान पूर्ण वर्षाचं होतं. स्वेटर जुलैतही घरपोच येतो हे खरं. पण ऋतूवर पोट असलेली माणसं आपल्या शेजारी आहेत, हेही तितकंच खरं.

मजेच्या खरेदीत एक वस्तू अशीही आहे जिच्यापासून दूर राहायलाच हवं, ती म्हणजे नायलॉनचा मांजा. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस घराघरांच्या गच्च्या माणसांनी भरतात, बांबूच्या आसाऱ्या फिरतात, हलगी वाजते. नागपुरातही पतंगांनी आकाश भरतं. पतंग हा दोघांचाच खेळ आहे, एकाच्या हातात दोर आणि दुसऱ्याच्या हातात आसारी. सुती मांजा दहा पेचांत झिजतो, तुटतो, पुन्हा आणावा लागतो. नायलॉनचा तुटत नाही, आणि त्याचा तोटा नेमका तोच आहे. तो झाडांवर, तारांवर, रस्त्यावर लोंबत राहतो, पक्ष्यांचे पंख कापतो आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळेही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत तीच बातमी छापावी लागते. बंदी मोडणारा दुकानदार दोषी आहे. पण हा मांजा मागितला जातो म्हणून विकला जातो आणि मागणारे आपल्यातलेच असतात. पेच जिंकण्यासाठी न तुटणारी दोरी आणणाऱ्याने खेळातला भिडूच काढून टाकलेला असतो.

विस्तवाबद्दलचा आक्षेपही टाळण्यासारखा नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. सकाळी शहरावर दिसणारा करडा पडदा हा बऱ्याचदा धुकं नसून असाच कोंडलेला धूर आणि धूळ असते. मुंबईच्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश दिले. अशा वेळी शेकोटीचं कौतुक कसं करायचं? माझं मत स्पष्ट आहे. दाट वस्तीत चौकाचौकात टायर, प्लास्टिक आणि कचरा जाळून केलेली शेकोटी बंद व्हावी. तिच्यात ऊब थोडी आणि विष जास्त. दम्याच्या रुग्णाला आणि तान्ह्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते. उघड्या रानात गोवऱ्यांच्या आगटीभोवती वीस माणसं बसतात, त्या विस्तवाची तुलना शहराच्या वाहनांशी आणि बांधकामांशी होऊ शकत नाही. इमारतीतल्या लोकांना एकत्र यायचं असेल तर जाळाची गरजही नाही. सोलाण्यांचा ढीग मध्ये ठेवला तरी हात आणि तोंड दोन्ही चालू राहतात. ज्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला शेकोटीवाचून दुसरी ऊबच नाही, त्याला आधी घोंगडी आणि आडोसा मिळायला हवा, मग दंडाची भाषा.

आणि ज्यांच्यासाठी हिवाळा मजेचा नाहीच, त्यांचं काय? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दिवाळीच्या सुमाराला घर बंद करून ऊसतोडीला निघतात. गाळप हंगाम वसंतापर्यंत चालतो. ऐन थंडीत पहाटेच्या काळोखात ओल्या पाचटात कोयता चालवायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि झोपायचं कोपीत. ज्या मुलखातला हुरडा नावाजला जातो, त्याच मुलखातली ही माणसं हुरड्याच्या दिवसांत आपल्या गावात नसतात. माझ्या म्हणण्याला सगळ्यांत मोठी मर्यादा घालणारी गोष्ट हीच आहे. एकत्र येण्याची मुदत त्यालाच पाळता येते ज्याच्याकडे चार दिवस स्वतःचे आहेत. पण म्हणूनच ज्वारी विकत घेण्याचा मुद्दा सुटा राहत नाही. कोरडवाहू रानात रब्बीचं पीक परवडलं, दाण्याला आणि कडब्याला भाव आला, तर गावात राहण्याचं एक कारण वाढतं. एकट्या ज्वारीने ऊसतोडीचं स्थलांतर थांबणार नाही, तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्या कारणांच्या यादीत ज्वारीचा भाव मात्र आहे.

भावाचा विषय निघाला की मजा आणि बातमी एकमेकींना भेटतात. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात घेण्याचं वचन होतं. त्यामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात तिथे भरतं आणि मोर्चे निघतात. त्यांत कापूस, सोयाबीन, धान यांच्या भावाच्या मागण्या इतक्या ठळक असतात, कारण नेमका तेव्हाच माल बाजारात आलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने आणि मराठवाड्यातल्या अतिवृष्टीने उभी पिकं गेली, जमिनी खरवडल्या. रब्बीच्या पेरणीचे दिवस वाफसा येण्याची वाट पाहण्यात गेले. ज्वारी उशिरा पेरली की हुरडाही उशिरा येतो. शहरात ही बातमी मोबाइलवर दोन मिनिटं दिसते आणि वर सरकते. आगटीभोवती तीच बातमी ज्याच्या रानात पाणी शिरलं त्याच्या तोंडून येते. तिला प्रतिप्रश्न विचारता येतो, नुकसानभरपाईवर वाद घालता येतो, आणि शेजारी बसलेला दुसऱ्या पक्षाचा माणूस उठून जाऊ शकत नाही, कारण त्याच्या हातात गरम कणीस असतं. शेकोटीवरही अफवा पिकतात, गावगप्पा सगळ्या खऱ्या नसतात. तरी समोरासमोर बोललेल्या खोट्याला तिथल्या तिथे अडवणारा एखादा तरी बसलेला असतो. आपल्याच मताच्या शंभर जणांच्या मोबाइल गटात तो नसतो.

येत्या हिवाळ्यासाठी एवढं जरूर करा. कार्तिक सरतानाच एखाद्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याला विचारून ठेवा की त्याचा हुरडा केव्हा येईल. तो सांगेल ती तारीख मित्रांना कळवा, स्वतःच्या सोयीची नको. गेलात की चोळायला बसा, पाखडायला घरातल्या पुरुषांनाही बसवा. आणि उठण्यापूर्वी त्याच शेतकऱ्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येणाऱ्या ज्वारीतलं वर्षाचं पोतं सांगून ठेवा, भावात घासाघीस न करता.